फुकटची गाडी सर्वांत महाग

दरवर्षी डिसेंबरचा पहिला आठवडा उजाडला की काही लोकांच्या पोटात दुखू लागते. रेल्वेच्या डब्यात निळे झेंडे दिसले की शेरे सुरू होतात. "आले फुकटे!" आम्ही तिकीट काढून, आपल्या बर्थवर बसून हे शब्द ऐकले आहेत. तिकीट खिशात असताना ऐकले आहेत. गर्दीच्या इतर यात्रांना श्रद्धा म्हणायचे आणि आपल्या गर्दीला फुकटेपणा म्हणायचे, हा न्याय कुठून येतो हे तुम्हाला सांगायला नको.

पण या लेखात आम्हाला त्या शेऱ्यांना उत्तर द्यायचे नाही. त्यांच्याशी मोबाईलवर भांडण्यात आपली पोरे रात्री घालवतात आणि 4 डिसेंबर उजाडला तरी कुणाकडे परतीचे तिकीट नसते. आमचे म्हणणे वेगळे आहे. प्रवासाचा पैसा वाचवणे हे चळवळीचे काम आहे आणि ते आपण गांभीर्याने करत नाही.

आपल्या माणसाने प्रवासासाठी जास्तीचे पैसे मोजणे ही जुनी गोष्ट आहे. 1901 साली लहानगे बाबासाहेब भावंडांसह वडिलांना भेटायला गोरेगावला निघाले. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळली आणि एकही गाडीवान गाडी द्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले. तरी गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने पायी चालणार! 1927 साली महाडच्या परिषदेत तर प्यायचे पाणीसुद्धा विकत घ्यावे लागले, 40 रुपयांचे. म्हणजे जातीची किंमत रोख रकमेत वसूल होत आली आहे.

आज ट्रॅव्हल्सवाला जात विचारून भाडे लावत नाही. तो दिवाळीला सगळ्यांनाच लुटतो. पण दोन वर्षांपूर्वी 5 डिसेंबरला आमच्या वस्तीतल्या चार बाया एका खासगी बससमोर उभ्या होत्या आणि नेहमीच्या तिप्पट भाडे ऐकून घरी परतल्या. दोघी ऊसतोडीवरून उचलीचे पैसे राखून आल्या होत्या. त्यांची चैत्यभूमी त्या वर्षी हुकली. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला महाग तिकीट म्हणजे चरफड. ज्याच्याकडे नाहीत त्याला ते बंद दार आहे. म्हणून हा प्रश्न काटकसरीपेक्षा मोठा आहे.

त्या बाया परतल्या त्याच आठवड्यात आम्ही बैठक घेतली आणि दरमहा 100 रुपयांची भिशी सुरू केली. जानेवारी ते ऑक्टोबर, माणशी 1000 रुपये. वही एका बाईकडे, पैसे बचतगटाच्या खात्यात. आणि पुढचा नियम असा की तारीख आपल्याला माहीत असते, तर तिकीटही आधी काढायचे.

विचार करा, आपले दिवस कधी बदलतात का? 1 जानेवारी, 20 मार्च, 14 एप्रिल, 6 डिसेंबर, 25 डिसेंबर. पुढच्या पन्नास वर्षांच्या तारखा आजच ठाऊक आहेत. फक्त दीक्षाभूमीचा सोहळा दसऱ्याप्रमाणे सरकतो. 2025 साली तो 2 ऑक्टोबरला होता. ती तारीखही नव्या कॅलेंडरमध्ये छापून येते. मग तत्काळच्या रांगेत आपण का उभे असतो?

1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचे आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडते. म्हणजे 5 डिसेंबरच्या गाडीचे आरक्षण 6 ऑक्टोबरला सकाळी 8 वाजता आणि 6 डिसेंबरच्या परतीचे 7 ऑक्टोबरला. तारीख मात्र गाडी जिथून सुटते तिथली धरायची. आयआरसीटीसीच्या खात्याला आधार आधीच जोडून ठेवावे, नाहीतर पहिल्या मिनिटांत हात बांधलेले राहतात. एका तिकिटावर सहा जण बसतात. वस्तीतल्या पोरांनी सहा-सहाचे गट करून तिकिटे काढावीत. पण त्यावर एक रुपयाही कमिशन घेऊ नये. तो कायद्याने गुन्हा आहे आणि आपल्याच माणसाची लूट आहे.

तत्काळला जादा आकार लागतो आणि कन्फर्म झालेले तत्काळ तिकीट रद्द केले तर पैसे परत मिळत नाहीत. वेटिंगवर "बघू चढून" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की वेटिंगच्या तिकिटावर आरक्षित डब्यात बसता येत नाही. तिथे होणारा दंड आपल्या खिशातून जातो आणि वर तोच "फुकटे" शब्द ऐकावा लागतो. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला वेगळा बर्थ घेतला नाही तर अर्धे भाडे लागते. आणि आरक्षण मिळालेच नाही, तर रेल्वे महापरिनिर्वाण दिनासाठी खास अनारक्षित गाड्या सोडते. त्यांचे वेळापत्रक आले की वस्तीच्या फलकावर लावावे. 200 किलोमीटरच्या पुढचे अनारक्षित तिकीट तीन दिवस आधी काढता येते. ऐन दिवशी खिडकीवर चेंगरायची गरज नाही.

एसटीचा हिशेब वेगळा. 17 मार्च 2023 पासून बायांना एसटीत अर्धे तिकीट आहे, 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धे, आणि 75 च्या पुढे मोफत. रेल्वेने ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 मध्ये बंद केली. म्हणून म्हातारी माणसे आणि बाया जास्त असतील तर आधी एसटीचा भाव काढून बघावा. खासगी बसच्या भाड्यालाही मर्यादा आहे. 2018 च्या राज्य सरकारच्या आदेशाप्रमाणे तशाच एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त घेता येत नाही. त्या बायांकडे तिकीटच नव्हते, म्हणून तक्रार उभी राहिली नाही. जास्तीचे भाडे दिलेच तर तिकीट जपून ठेवा आणि आरटीओकडे लेखी तक्रार करा. एकाची नाही, चाळीस जणांची.

विद्यार्थी मित्रांनो, हे खास तुमच्यासाठी. सुट्टीत कॉलेजहून गावी जाताना आणि शैक्षणिक सहलीला जाताना अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्याला रेल्वेच्या सेकंड आणि स्लीपर वर्गात 75 टक्के सवलत आहे. कॉलेजकडून सवलतीचा फॉर्म सही-शिक्क्यासह घ्यायचा आणि तिकीट खिडकीवर काढायचे. ऑनलाइन ती मिळत नाही. रेल्वे भरतीच्या परीक्षेला जाताना अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला स्लीपरचा मोफत प्रवास परवाना मिळतो. भरती मंडळाच्या वेबसाइटवरून तो काढता येतो. किती पोरे कर्ज काढून परीक्षेला जातात आणि हा कागद काढतच नाहीत! काहींना माहीत नसते, काहींना खिडकीवर जातीचा दाखला पुढे करायची लाज वाटते. लाज कसली? ही भीक नाही. लाज वाटायचीच असेल तर ज्यांनी ही माहिती कॉलेजच्या फलकावर कधी लावली नाही त्यांना वाटू द्या.

आता कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? अमुक नेता दरवर्षी गाड्या भरून नेतो, जेवणही देतो. बरोबर आहे. पण त्या गाडीवर झेंडा कुणाचा असतो? फलकावर बाबासाहेबांपेक्षा मोठा फोटो कुणाचा असतो? परत आल्यावर वस्तीतल्या नळाचा प्रश्न विचारायला जाल तेव्हा तोच नेता म्हणतो, "डिसेंबरला नेले नव्हते का?" डिझेलचे पैसे ज्याने भरले, तोंडही त्याच्याच ताब्यात जाते. स्वस्त प्रवास आणि फुकट प्रवास यांत हाच फरक आहे. स्वस्तात आपला हिशेब असतो, फुकटात दुसऱ्याचा.

चळवळीच्या माणसाने पैशाकडे बघू नये असेही काही ज्येष्ठ सांगतात. आम्हाला त्यांचा आदर आहे, पण हे पटत नाही. पैशाकडे न बघणे ज्याचे पोट भरले आहे त्याला परवडते. आमच्या वहीत गेल्या वर्षी जे उरले त्यातून त्या चौघींपैकी तिघींचे तिकीट निघाले. चौथीचे तिच्या मुलाने काढले. शिवाजी पार्कवरच्या स्टॉलवरून वस्तीच्या वाचनालयासाठी पुस्तकेही आली. तत्काळच्या जादा आकारात गेलेला पैसा पुस्तक होऊन परत येत नाही.

तेव्हा जानेवारीच्या पहिल्या रविवारी विहारात बसा. वही काढा, कुणाकुणाला जायचे आहे त्यांची नावे लिहा, ज्यांना परवडणार नाही त्यांची आधी लिहा. 6 आणि 7 ऑक्टोबर कॅलेंडरवर निळ्या पेनाने गोल करा. आणि त्या दिवशी सकाळी पावणेआठला उठून बसा.

जय भीम! जय संविधान!