पहिले पॅनेल आणि दुसरे

स्मरणिकेसाठी शाळेतील एखादी आठवण लिहून पाठवावी, असे पत्र आले तेव्हा आम्हां चौघांच्या मनात एकच आठवण उभी राहिली. आणि ती लिहावी की नाही, यावर फोनवर बराच खल झाला. आम्ही २०१२ साली दहावी झालेल्या तुकडीतील. त्या काळी वसतिगृहात असलेल्या अनेकांना सभागृहातील तो सिनेमा आठवत असेल. टेबलावर मांडलेले उघडेवाघडे यंत्र, शेजारी घरघरणारा पंखा आणि समोर ताणलेल्या चादरीवर हलणारी चित्रे. त्या यंत्राबद्दलचे कौतुक आमच्या पदरात पुरेपूर पडले. परंतु त्याला लागलेले पॅनेल दुसरे होते. पहिल्याचे काय झाले, हे आम्हांखेरीज केवळ भंतेजींना आणि मामांना ठाऊक होते.

मामा म्हणजे संगणक कक्षाची किल्ली ज्यांच्या कमरेला असे, ते आपले शिपाई मामा. हे लेखन खरे तर त्यांच्यासाठी आहे. पण आधी यंत्राविषयी सांगितले पाहिजे.

शाळेत एक जुना ओव्हरहेड प्रोजेक्टर होता. पारदर्शक प्लॅस्टिकच्या पानावर लिहिलेला मजकूर भिंतीवर मोठा करून दाखविण्याचे ते साधन. तळाच्या पेटीत २५० वॅटचा हॅलोजन दिवा, पेटीच्या काचेखाली बारीक वर्तुळाकार चरे असलेले फ्रेनेल भिंग आणि दांड्यावर वरखाली सरकणारे भिंग व आरसा, एवढाच त्याचा संसार. आमच्या वेळी तो कपाटात धूळ खात होता. तालुक्याच्या सायबर कॅफेतून आमच्यापैकी एकाने सहा पाने छापून आणली. इंग्रजी आमचे बेताचेच. शब्दकोश उशाशी घेऊन ती पाने आम्ही आठवडाभर वाचली. त्यांतील युक्ती मात्र एका वाक्यात मावणारी होती. एलसीडी मॉनिटरची काच स्वतः उजेड देत नाही, उजेड देतात त्या मागच्या नळ्या. नळ्या आणि त्यांच्यापुढची दुधी पाने काढून टाकली, की उरते ते हलत्या चित्रांचे पारदर्शक पान. ते ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवले, की झाला सिनेमा.

विकतचा प्रोजेक्टर शाळेच्या आवाक्याबाहेर होता. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा चित्रपट त्याच सुमारास डीव्हीडीवर मिळू लागला होता, आणि दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ कसा उभा केला याची ती गोष्ट संपूर्ण वसतिगृहाने एकत्र बसून पाहावी, असे आमच्या डोक्याने घेतले. संगणकाच्या पंधरा इंची पडद्याभोवती दहा-बारा जणांपलीकडे कोणी बसू शकत नसे.

कक्षात देणगीदाखल आलेले आठ मॉनिटर होते. त्यांतील एक बिघडलेला म्हणून फडताळावर ठेवला होता. बिघडलेली वस्तू आपल्या काय कामाची, असे समजून आम्ही चालू मॉनिटर निवडला. एका शनिवारी रात्री, प्रकल्पाची वही कक्षात राहिली आहे असे सांगून, मामांकडून किल्ली घेतली. त्यांनी ती कमरेची सोडून हातात दिली; बरोबर यावे असे त्यांना वाटले नाही.

मॉनिटर उघडणे सोपे होते. पॅनेलच्या काचेला मात्र चित्राचा संदेश पोहोचविणाऱ्या चकचकीत चपट्या पट्ट्या चिकटविलेल्या असतात, आणि त्यांच्या टोकाची अरुंद सर्किटे काचेच्या मागे दुमडून बसविलेली असतात. ती तशीच राहिली तर उजेडाच्या वाटेत येतात. म्हणून ती उलगडून काचेच्या समपातळीत आणावी लागतात. हे काम बसून, दिवसाउजेडी, श्वास रोखून करण्याचे. आम्ही ते एका टॉर्चच्या उजेडात, दाराकडे कान लावून करीत होतो. कोणाच्या हातून झाले हे आम्ही तेव्हाही एकमेकांना विचारले नाही आणि आजही लिहिणार नाही. एक पट्टी कडेला नखभर फाटली. घाईघाईने सारे पूर्ववत बसवून मॉनिटर सुरू केला, तेव्हा चित्राच्या उजव्या बाजूस वरपासून खालपर्यंत पांढरा पट्टा उमटलेला होता. ती पट्टी जोडणे कोणत्याही डाखणीच्या आवाक्यातले नव्हते. आम्ही मॉनिटर जागेवर ठेवला, किल्ली परत केली आणि झोपावयास गेलो.

सोमवारी पट्टा सर्वांना दिसला. मॉनिटर ओल्या फडक्याने पुसला असणार, असा निष्कर्ष निघाला. मामांना ओसरीत, प्रार्थनेहून परतणाऱ्या मुलांदेखत, बरेच ऐकून घ्यावे लागले, आणि त्यांच्या पगारातून ५०० रुपये कापले गेले. ते खाली मान घालून ‘व्हय जी’ म्हणाले. आम्ही त्याच रांगेत उभे होतो.

त्यानंतरचे अकरा दिवस आम्ही गप्प राहिलो. यंत्राचा विषयही काढीत नव्हतो. बाराव्या दिवशी संध्याकाळी भंतेजींच्या खोलीबाहेर जाऊन उभे राहिलो, तेही आमच्यापैकी ज्याचे जेवण तुटले होते त्याने हट्ट धरला म्हणून. भंतेजींनी सारे ऐकून घेतले. रागावतील अशी तयारी आम्ही ठेवली होती. त्यांनी एवढेच विचारले, “मामांना सांगितले का?”

सांगितले नव्हते. त्यांनी आम्हांला तसेच उलट पावली पाठविले.

मामा हौदाजवळ घागरी भरीत होते. आमचे बोलणे अर्ध्यावर असतानाच ते उठून खोलीत गेले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन आले. आत एक दुधी प्लॅस्टिकचे पान आणि दोन बारीक स्क्रू होते. “रविवारी केरात घावलं,” ते म्हणाले. घाईत आम्ही एक पान परत बसवावयाचे विसरलो होतो. म्हणजे ओसरीत बोलणी खाताना त्यांना सर्व ठाऊक होते. मग सांगितले का नाही, असे विचारता त्यांनी आमच्यातील एकाकडे बोट दाखविले. त्याचे आईवडील वीटभट्टीवर होते. “ह्याला घरी धाडलं असतं, तर हा माघारी आला असता का?”

भंतेजींनी त्यांचे पैसे पुढच्या पगारात परत करविले. प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर सांगावयाचे की नाही, हे मात्र त्यांनी आमच्यावर सोपविले. आम्ही ते सांगितले नाही. आधी उद्या म्हणालो, मग परीक्षा झाल्यावर म्हणालो.

यंत्र मात्र भंतेजींनी सोडू दिले नाही. फडताळावरचा बिघडलेला मॉनिटर घ्या आणि विज्ञानाच्या सरांसमोर, दिवसा, काम करा, असे त्यांनी सांगितले. सरांनी तो सुरू केला. दोन क्षण उजळून पडदा काळा झाला. मग त्यांनी टॉर्च तिरपी धरून काचेवर मारली आणि त्या काळोखात संगणकाचे चित्र अंधुक दिसले! पॅनेल ठणठणीत होते. निकामी झाली होती ती मागची नळी, जी आम्हांला तशीही काढूनच टाकावयाची होती. ज्याला बिघडलेला म्हणून आम्ही हात लावला नव्हता, नेमका तोच आमच्या कामाचा होता.

या वेळी पट्ट्या उलगडण्यास दोन दुपारी लागल्या. नळ्यांना वीज पुरविणाऱ्या सर्किटात शेकडो व्होल्ट खेळत असतात, म्हणून सरांनी ते वायरीसकट बाजूला काढले. नळ्यांत थोडा पारा असतो. त्या न फुटू देता कागदात गुंडाळून ठेवल्या. मोकळी काच खिडकीशी धरून पाहिली, तेव्हा काळ्या चष्म्यातून दिसावे तसे बाहेरचे कडुनिंबाचे झाड तिच्यातून दिसले. काचेवर चकाकी मारणारा खरखरीत थर असतो, त्याने चित्र किंचित धूसर होते. ओली फडकी रात्रभर ठेवून तो सोलता येतो, असे आमच्या सहा पानांत लिहिले होते. आम्ही त्या वाटेस गेलो नाही. एक पॅनेल गमावलेल्या माणसांनी थोडी धूसरता पत्करावी.

खरी अडचण उजेडाची होती. काचेच्या दोन्ही अंगांस पोलरायझरची पाने असतात. पहिल्यातच निम्म्याहून अधिक प्रकाश संपतो. उरलेल्यातील जेमतेम तिसरा हिस्सा लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांतून पार होतो, आणि काचेवरची सूक्ष्म तारांची जाळी आणखी काही अडविते. शंभर भाग उजेडातील पाच-सहा भाग पलीकडे पोहोचले तर नशीब. दिवसा काहीच दिसेना. खिडक्यांना घोंगड्या लावून, अमावस्येच्या आसपासची रात्र पाहून आणि भारनियमनाचे वेळापत्रक समोर ठेवून प्रयोग ठरवावा लागला.

दुसरी अडचण मापाची. पंधरा इंची पॅनेलचे चित्र सुमारे ३०४ मिलिमीटर रुंद, आणि प्रोजेक्टरची चौकट त्याहून लहान. आम्ही चित्रपट पडद्याच्या मधोमध लहान खिडकीत चालविला आणि कडेने काळा पुठ्ठा लावला.

तिसरी अडचण उष्णतेची. पहिल्या चाचणीत दहाव्या मिनिटाला चित्राच्या मध्यभागी शाईचा थेंब पडावा तसा काळा डाग उमटला आणि पसरू लागला. आम्हांला वाटले, हेही गेले. दिवा बंद करून बसलो, आणि थोड्या वेळाने डाग आपोआप नाहीसा झाला. तेव्हा लाकडी ठोकळ्यांवर पॅनेल दोन बोटे उचलले आणि खालून वारा जाईल असा टेबलफॅन लावला.

प्रयोगाच्या रात्री चादरीवर सहा-एक फूट रुंद चित्र पडले. रंग फिके होते, कोपरे अंधारलेले होते, आवाज प्रार्थनेच्या लाउडस्पीकरमधून येत होता. कोणी तक्रार केली नाही. फाळक्यांच्या घरात पहिला कॅमेरा येतो तेव्हा पुढे बसलेली पाचवीची मुले ओरडली. अर्ध्यावर डाग पुन्हा दिसला. आम्ही गडबडलो, आणि त्या गडबडीत मामा अंधारातून पुढे आले, पंखा हातभर जवळ सरकविला आणि तो धरून शेवटपर्यंत तिथेच बसून राहिले. नंतर टाळ्या झाल्या, आमची नावे पुकारली गेली. मामा घोंगड्या काढीत होते.

हे लिहिण्यापूर्वी गेल्या महिन्यात आम्ही चौघे त्यांच्या गावी गेलो. निवृत्तीनंतर ते मुलाकडे असतात. डोळ्यांचे ऑपरेशन झाले आहे. ओसरीतील त्या सकाळी चूक आमची होती, हे आता छापून सर्वांना सांगावयाचे आहे, असे म्हणालो. “लिवा,” ते म्हणाले, “पण माझं नाव घालू नका.” मग चहा आला. चहा घेता घेता त्यांनी विचारले, “त्यो काळा डाग कशानं पडायचा?”

तेव्हा आम्हांला ते ठाऊक नव्हते. पुढे आमच्यापैकी एक इलेक्ट्रॉनिक्स शिकला, त्याने सांगितले. काचेच्या दोन थरांमध्ये जो पदार्थ असतो, तो उजेडाला पीळ देतो, आणि पीळ पडलेला उजेडच पुढच्या पोलरायझरमधून बाहेर पडू शकतो. फार तापला की तो पदार्थ साध्या पाण्यासारखा होतो, पीळ देणे थांबते, उजेड अडतो आणि तेवढी जागा काळी दिसते. निवला की पूर्ववत.

मामांनी कप खाली ठेवला.

“म्हंजी पंखा जवळ सरकवला, ते बराबर केलं.”