पिठाचा कोंबडा आणि पडद्यावरची तलवार



एका पतसंस्थेच्या शाखेचं जुनं सामान निघालं, त्यातला एक थिन क्लायंट माझ्या दिरांनी भंगाराच्या भावात घरी आणला. जाड वहीएवढा काळा डबा. यात हार्ड डिस्क नसते. खरं काम दूरच्या सर्व्हरवर चालायचं, हा फक्त पडदा आणि कीबोर्ड त्याला जोडून द्यायचा. आमच्या माळ्यावर आधीच तीन बंद वस्तू, त्यात ही चौथी. अपरिग्रहावर मी दोन वाक्यं बोललेच.

"भाभी, आठ दिवस द्या. नाही जमलं तर परत भंगारात," दीर म्हणाले.

आत पीसीच्याच जातीचा प्रोसेसर होता, म्हणून जमलं. बायोसला कुणीतरी पासवर्ड लावलेला. आतला गोल सेल रात्रभर काढून ठेवला, तेव्हा तो गेला. मग पेनड्राइव्हवरून फ्रीडॉस चढवलं. जिम हॉल यांनी १९९४ मध्ये सुरू केलेलं हे मोफत डॉस. जुने खेळ साउंड ब्लास्टर शोधतात, तो यात नाही, म्हणून नुसतं टुक्-टुक् वाजतं. पण पंखा नाही हे मला फार आवडलं. मिरचीच्या हंगामात दोंडाईचात पंख्याच्या सीपीयूत काय काय साठतं, ते साफ करणाऱ्यालाच ठाऊक!

पडद्यावर 'सी' आणि तिरकी रेघ उमटली आणि मी पोळ्या सोडून आले. १९९६ मध्ये मी कॉम्प्युटर क्लासला जायचे. डॉस, वर्डस्टार, आणि सर जेवायला गेले की 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. त्याच खेळाची फ्लॉपी दिरांनी पुढे सीडीवर उतरवून ठेवली होती. (ती प्रत चोरीचीच. तेव्हा अचौर्य कुणाला आठवलं नाही.) जॉर्डन मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला पळताना, उड्या मारताना चित्रित करून त्यावरून राजपुत्राच्या हालचाली काढल्या. म्हणूनच तो माणसासारखा दचकतो, लटकतो.

मुलगा खेळायला बसला. पहिला पहारेकरी पडला आणि सासूबाईंची माळ थांबली.

"यशोधराची गोष्ट विसरलीस का?"

विसरले नव्हते. पुष्पदंतांनी १०व्या शतकात 'जसहरचरिउ'मध्ये सांगितलेली तीच. राजा यशोधर देवीला जिवंत जीव द्यायला तयार नव्हता, पण आईच्या आग्रहापुढे पिठाचा कोंबडा केला आणि तो कापला. रक्त नाही, जीव नाही. तरी मारण्याचा भाव होता, म्हणून दोघांना जन्मोजन्मी पशुयोनीत भटकावं लागलं. पडद्यावरचा शिपाई पिठाचाही नाही. पण भाव?

मी उत्तर दिलं नाही. खेळ बंद करायला सांगणार होते, तेवढ्यात मला बारावी पातळी आठवली. त्याआधी, चौथ्या पातळीत, राजपुत्र आरशातून उडी मारतो आणि त्याची सावली सुटून पळते. बाराव्यात तीच समोर तलवार घेऊन उभी राहते. तिच्यावर वार केला की आपलीच ताकद घटते. तिला मारलं तर आपण मरतो. क्लासमध्ये मी कितीदा मेले, मोजलं नाही. उपाय एका मैत्रिणीने सांगितला होता: खालच्या बाणाचं बटण दाबायचं, तलवार म्यान करायची आणि सरळ तिच्यात चालत जायचं. दोघं एक होतात.

मुलाला मी हे सांगितलं नाही. चार संध्याकाळी तो हरत राहिला, सासूबाई तिरप्या नजरेने बघत राहिल्या. पाचव्या दिवशी त्याच म्हणाल्या, "अरे, आधी ती तलवार ठेव ना खाली!"

डबा राहिला. पर्युषणात वायर काढून कपाटात ठेवायची, एवढं ठरलं. सासूबाईंचं समाधान अर्धंच झालंय, आणि माझंही. सावलीपर्यंत पोचायला पहारेकरी पाडावेच लागतात. परवा प्रतिक्रमणाच्या आधी मुलाने विचारलं, "मम्मी, त्या शिपायांनाही मिच्छामि दुक्कडं म्हणू का?"

"म्हण," मी म्हटलं. सासूबाई हसल्या नाहीत.