बापाला न दिसणारा थर

जोगेश्वरी (पूर्व)

प्रिय सखे,

तुझं पत्र आलं आणि राहवेना, लगेच लिहायला बसले. तू तिकडे पाहिलेलं मरिना अब्रामोविच आणि उलाय यांचं १९८० सालचं ‘रेस्ट एनर्जी’ हे सादरीकरण मीही पाहिलंय. धनुष्य तिच्या हातात, ताणलेली दोरी आणि बाण त्याच्या, टोक थेट तिच्या काळजाकडे. दोघंही मागे कललेली. छातीवरच्या मायक्रोफोनमधून ठोके ऐकू येतात. जेमतेम चार मिनिटं, पण घशाला कोरड पडते. जिवलगाच्या हाती असा जीव देणं ही कला कशी, असं विचारतेस. अगं, गोपाळकाल्याला इकडे ये!

आमच्या जोगेश्वरीचंच बघ. ‘जय जवान’ गोविंदा पथकाने २०१२ मध्ये ठाण्यात नऊ थर लावून गिनीज बुकात नाव नेलं, २०२५ मध्ये ‘कोकण नगर’ने दहा लावले. ऊर भरून येतो आणि पोटात गोळाही येतो. २०१७ मध्ये उच्च न्यायालयात दहीहंडीच्या उंचीची मर्यादा उठली, चौदा वर्षांच्या आतल्यांना मात्र मनाई राहिली. ती राहायलाच हवी.

यंदा मावसभाऊ तळाला होता आणि त्याचा सोळा वर्षांचा मुलगा सगळ्यात वर. गुरुपौर्णिमेपासून कामावरून आल्यावर दोघांचा सराव चालायचा. नारळ फुटला, थर चढू लागले. मी कॅमेरा वर नेलाच नाही, भावाच्या मानेवर ठेवला. तळातल्याने वर बघायचं नसतं. मान खाली, हात शेजाऱ्याच्या खांद्यात अडकवलेले. कानाजवळ कुणाचा तरी चिखलाने माखलेला पाय. वरचं वजन सरकलं की त्याच्या मानेची शीर तट्ट फुगायची. मुलगा कुठवर पोचला हे बापाला फक्त खांद्यातून कळत होतं. आणि खरा धोका उतरताना असतो, तेव्हा तर सगळे दमलेले असतात.

वहिनीने मात्र मोबाइल वर धरला होता. तिच्या चित्रणात नुसता मुलगा. हेल्मेट, कमरेचा दोर, हंडीकडे गेलेला हात.

रात्री दोन्ही चित्रणं शेजारी शेजारी लावली. भावाने माझ्या चित्रणाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, वहिनीचंच पुन्हा पुन्हा बघत बसला. मुलाला वर चढलेलं त्याने तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. मला विचारशील तर हीच आमची ‘रेस्ट एनर्जी’, आणि हिच्यात आईही आहे.

दोन्ही तुला पाठवतेय. एकदम सुरू कर, नारळ फुटल्याचा आवाज जुळवून घे आणि भावाचा खांदा दबतो तेव्हा वर काय चाललेलं असतं, ते बघून मला सविस्तर लिही.

तुझीच