गाडीची वही

जुनी गाडी घेणे सोपे असते. ती सर्व्हिसिंगला कधी टाकायची आणि कुठे टाकायची, हे ठरवणे अवघड. आम्हाला हे कळायला कसारा घाट उतरावा लागला. आता आपल्या वस्तीत बऱ्याच घरांपुढे सेकंडहँड गाडी उभी दिसते. म्हणून आमच्या हातून झालेली चूक न लपवता सांगत आहोत. वाचणाऱ्या एखाद्या घराला तिचा उपयोग झाला तर बरे.

गाडी आम्ही २०२१ साली घेतली. कोरोनाच्या काळात लोकल सर्वसामान्यांना बंद होती आणि म्हाताऱ्या आईला दवाखान्यात न्यायचे म्हणजे रिक्षावाल्याच्या हातापाया पडायची वेळ येई. आम्ही कारखान्यातून निवृत्त झालो तेव्हा मिळालेल्या पैशांतले थोडे शिल्लक होते. थोडे पतपेढीतून उचलले आणि ऑल्टो ८०० दारात आणली. २०१३ सालचे मॉडेल, मीटरवर ६१ हजार किलोमीटर. विकणारा म्हणाला, "सगळं काम केलेलं आहे, तेलसुद्धा नवीन आहे." आम्ही विश्वास ठेवला. शेजारीपाजारी पेढे खायला आले. गाडी पाहून आईने तिच्या पत्र्यावरून म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला.

पुढची दोन वर्षे गाडीने तक्रार केली नाही. त्यामुळे आम्हीही तिची विचारपूस केली नाही. एकदा इंजिन ऑइल बदलले आणि दर वर्षी पीयूसी काढली. पीयूसीचा कागद हातात आला की गाडी तंदुरुस्त आहे असे आम्हाला वाटे. वास्तविक त्या तपासणीत फक्त धूर बघतात. ब्रेक, टायर, स्टिअरिंग यांच्याशी त्या कागदाचा काही संबंध नाही.

मे २०२३ मध्ये सिन्नर तालुक्यात आक्काच्या घरी लग्न निघाले. निघण्याच्या आठ दिवस आधी मुलांची आई म्हणाली, "अहो, लांब जायचंय. गाडी एकदा दाखवून घ्या ना." पण त्याच महिन्यात धाकटीची नर्सिंगची फी भरायची होती. आम्ही हिशेब मांडला. जाऊन येऊन चारशे किलोमीटरच्या आसपास होणार. आता सर्व्हिसिंग केले तर नवे तेल त्यातच वापरले जाणार. त्यापेक्षा गावाहून आल्यावर निवांत करू. हिशेब कागदावर बरोबर दिसत होता. गरीब माणसाचे बरेच चुकीचे हिशेब कागदावर बरोबरच दिसतात.

गंधारी पुलावरून पडघा, पुढे शहापूर, कसारा, इगतपुरी, घोटी. जाताना घाट चढायचा असतो, त्यामुळे काही जाणवले नाही. लग्न चांगले झाले. परत येताना गाडीत आई, मुलांची आई, थोरलीची चार वर्षांची मुलगी आणि मागे आक्काने दिलेली कांद्याची गोणी. दुपारची वेळ, ऊन मी म्हणत होते. घाटात ट्रकची रांग लागली होती. पेट्रोल वाचावे म्हणून आम्ही गाडी न्यूट्रलला टाकली आणि ब्रेकवर पाय ठेवून उतरू लागलो.

तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर पायाखालचे पेडल मऊ लागले. आधी वाटले, भास असेल. पुढच्या ट्रकचे मागचे फळकूट जवळ येत होते आणि पेडल मात्र कापसात पाय घातल्यासारखे आत चालले होते. पाय भराभर आपटला, दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि डाव्या अंगाला जिथे थोडी रुंद जागा दिसली तिथे गाडी कशीबशी टेकवली. जळका वास सुटला होता. आमच्या हाताला कंप सुटला होता तो वेगळाच.

आईने विचारले, "का थांबलास रे?"

"इंजिन गरम झालंय. जरा दम खाऊ दे."

आम्ही खोटे बोललो. मुलांच्या आईला खरे काय ते कळले होते. ती नातीला पाणी पाजत राहिली, एक शब्द बोलली नाही. मागून आलेल्या एका ट्रकचा ड्रायव्हर आमच्याजवळ थांबला. त्याने चाकापाशी वाकून वास घेतला आणि म्हणाला, "काका, ज्या गिअरनं घाट चढता, त्याच गिअरनं उतरायचं असतं. ब्रेकवर नाही." पाऊण तासाने पेडल पुन्हा कडक झाले. मग दुसऱ्या गिअरवर, बैलगाडीच्या चालीने आम्ही खाली आलो.

रात्री सगळे झोपल्यावर मुलांची आई बोलली. "सव्वीस वर्षं कारखान्यात फिटर होतात. कुठल्या मशीनला कधी तेल घातलं, कुठला पट्टा कधी बदलला, तारखा तोंडपाठ असायच्या. आज आईला ज्या गाडीत बसवलंत, तिच्या तेलाची तारीख मी विचारली तर सांगता येईल का?"

सांगता आली नसती. मालकाच्या प्रत्येक मशीनला एक कार्ड टांगलेले असे. मशीन बिघडण्याची वाट कोणी पाहत नसे. तारीख आली की मशीन थांबवायचे, तपासायचे, सही करायची. ते काम आम्ही इमानाने केले. आणि स्वतःच्या पैशाने घेतलेली वस्तू मात्र "चालतेय ना, मग चालू दे" म्हणून सोडून दिली. दुसऱ्याच्या यंत्राची काळजी घ्यायची सवय आणि स्वतःच्या वस्तूची हयगय, असे आमच्यासारख्या अनेकांचे होते. त्या रात्री त्याची लाज वाटली.

आता प्रश्न आला, कुठे टाकायची? धाकटी म्हणाली, "पप्पा, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच द्या." शेजारचे म्हणाले, "तिकडं बिल मोठं होतं, नाक्यावरच्या मिस्त्रीकडं टाका." आम्ही ठरवले, आधी दोन्हीकडे जाऊन विचारू. विचारायला पैसे पडत नाहीत.

आधी मिस्त्रीकडे गेलो. त्याने चाक खोलून दाखवले. पुढचे ब्रेक पॅड झिजत आले होते, पण खरा दोष ब्रेक ऑइलचा होता. ते चहाच्या रंगाचे झाले होते. हे तेल हवेतला ओलावा शोषून घेते, आणि आपल्याकडचा पावसाळा म्हणजे काय विचारता! पाणी मिसळलेले तेल लवकर उकळते. उतारावर सतत ब्रेक दाबला की चाकाजवळचा भाग तापतो, तेलात वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबले जात नाही, बुडबुडा दाबला जातो. म्हणून पेडल आत जाते आणि गाडी थांबत नाही. आम्ही हायड्रॉलिक प्रेसवर काम केलेली माणसे. हे आम्हाला नव्याने सांगायला नको होते. तरी मिस्त्री सांगत होता आणि आम्ही खाली मान घालून ऐकत होतो.

मग तो म्हणाला, "काका, तेल, फिल्टर, ब्रेकचं काम मी करीन. जुना माल तुमच्या हातात देईन. पण या गाडीला टायमिंग बेल्ट असतो. तो कधी बदललाय ते तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. रबर आहे, गाडी उभी राहिली तरी म्हातारं होतं. तुटला तर इंजिन जागच्या जागी बंद. ते काम सेंटरलाच करा, माझ्याकडं त्याची हत्यारं नाहीत." हातात आलेले गिऱ्हाईक त्याने दुसरीकडे पाठवले. तेव्हाच आम्ही मनाशी ठरवले की बाकीचे काम याच्याकडेच.

सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीचा नंबर सांगितला तर संगणकावर तिचा जुना इतिहास निघाला. तिथली शेवटची नोंद जुलै २०१८ ची होती, ४७ हजार किलोमीटरवर. टायमिंग बेल्टची नोंद कुठेच नव्हती. गाडी घ्यायच्या आधी हीच चौकशी केली असती तर "सगळं केलेलं आहे" या शब्दांची किंमत तेव्हाच कळली असती. एस्टिमेट १३ हजारांचे झाले. आम्ही एकेक ओळ वाचून विचारले, "हे आज नाही केलं तर काय होईल?" पॉलिश, आतली सफाई असल्या गोष्टी आमच्या सांगण्यावरून त्यांनी काढल्या. तेल, फिल्टर आणि ब्रेक मिस्त्रीकडे करायचे म्हणून तेही काढायला लावले. बेल्ट आणि त्याला लागणारे सामान तेवढे राहिले. त्याचे पक्के बिल घेतले. दोन्हीकडचे मिळून ९ हजारांच्या आत काम झाले. फीचे पैसे भरून झाले होते. हे पैसे दोन हप्त्यांत उभे केले.

तेव्हापासून डॅशबोर्डच्या कप्प्यात शंभर पानी वही आहे. अनुभवाने ठरलेल्या काही गोष्टी तिच्या पहिल्या पानावर लिहिल्या आहेत. इंजिन ऑइल दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल तेव्हा. आमच्यासारखी कमी चालणारी गाडी असेल तर वर्ष आधी येते, हे विसरू नये. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी. पावसाळ्याआधी वायपर, टायर आणि ब्रेक. टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. आमच्या स्टेपनीवर २६१३ निघाले, म्हणजे २०१३ चा सव्विसावा आठवडा. दहा वर्षांचे रबर घेऊन आम्ही घाट उतरलो होतो! आणि लांबच्या प्रवासाला जायचे तर काम आदल्या दिवशी करू नये, आठवडाभर आधी करावे. म्हणजे नट ढिला राहिला असेल, तेल गळत असेल, तर ते कल्याणातच कळते.

विकणाऱ्याच्या तोंडी हमीवर, गाडीच्या आवाजावर किंवा आपल्या खिशावर सर्व्हिसिंगची तारीख ठरवू नका. नोंद नसेल तर काम झालेलेच नाही असे धरून चाला. आणि जागा निवडताना पाटी किती मोठी आहे ते पाहू नका. जुना भाग हातात देणारा, लेखी हिशेब देणारा आणि जमत नाही ते जमत नाही म्हणणारा माणूस शोधा. तो सेंटरमध्येही मिळतो, नाक्यावरही मिळतो.

पुढच्या वर्षी पुन्हा आक्काकडे निघालो. आई गाडीत बसायला आली आणि दार धरून उभी राहिली.

"त्या वहीत बघ. ब्रेकचं काम कधी केलंस?"

आम्ही चपापलो. "आई, तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? घाटात तुझा पाय सारखा आपटत होता. मी काय झोपले होते?"

वर्षभर तिने विषय काढला नव्हता. आम्ही वही उघडून तारीख वाचून दाखवली. आईला अक्षर येत नाही, तरी तिने त्या ओळीवर बोट ठेवून घेतले. मग ती आत बसली आणि म्हणाली, "चल आता."