पाण्यावरची फटफटी

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या सिन्नर तालुक्यात पाण्याविषयी बोलायचे ते तक्रारीच्या सुरात, असा जणू रिवाजच आहे. शेजारच्या इगतपुरीवर ढग मोकळे होतात आणि आमच्याकडे पोचेपर्यंत त्यांच्याजवळ देण्यासारखे फारसे काही उरत नाही. वावी-पाथऱ्याच्या बाजूला तर उन्हाळ्यात पाण्याचा टँकर पाहुण्यारावळ्यांपेक्षा अधिक ओळखीचा. अशा मुलखातल्या मुलीने पाण्यावर गाडी पळवण्याच्या हौसेविषयी लिहावे, म्हणजे उपवासाच्या दिवशी पंचपक्वान्नांचे वर्णन करण्यासारखेच! तरीही लिहिते आहे. कारण गेल्या दिवाळीच्या सुट्टीपासून हा विषय आमच्या घरात ठाण मांडून बसला आहे आणि त्यावर आई, आप्पा, मावसभाऊ आणि मी यांची जी मते झाली आहेत, त्यांतले एकही दुसऱ्याशी जुळत नाही.

त्या गाडीला जेट स्की म्हणतात. वर्तमानपत्रांत कुणी वॉटर स्कूटर असेही लिहिते. खरे म्हणजे जेट स्की हे कावासाकी या जपानी कंपनीने आपल्या मालाला दिलेले नाव. पण कुठलेही वनस्पती तूप आमच्या आजीला जसे डालडाच वाटते, तसे हे नावही सगळ्याच गाड्यांना चिकटले. आप्पांनी तिला बघताक्षणी ‘पाण्यावरची फटफटी’ म्हटले. मराठी विभागातील सरांनी याहून चांगला शब्द सुचवल्यास मी तो आनंदाने वापरीन; पण तसा सापडेल असे वाटत नाही.

तर दिवाळीत मावशीकडचे आणि आम्ही अशी दोन घरे मिळून एक क्रूझर भाड्याने केली आणि घोटी, कसारा घाट, पनवेल, पेण असे मजल दरमजल करीत अलिबागजवळच्या नागावला गेलो. आमच्या घरात समुद्र पाहणारे आम्ही पहिलेच. घरात कॉलेजला जाणारीही मी पहिलीच. पण त्या गोष्टीचे भावकीत जेवढे कौतुक झाले नाही, तेवढे समुद्राचे झाले! नागावच्या किनाऱ्यावर घोडागाड्या, उंट, भेळ आणि पाण्यात या फटफट्या. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो तेव्हा हे खेळ बंद असतात, म्हणून दिवाळीला गर्दी अगदी फुटलेली. एका फेरीचे माणशी तीनशे रुपये. आईने लगेच हिशेब केला. ती विड्या वळते. तीनशे रुपये म्हणजे हजाराहून जास्त विड्या, आणि फेरी जेमतेम पाच मिनिटांची.

आईचे आणि पाण्याचे नाते मला लहानपणापासून माहीत आहे. पहाटे हापशावर नंबर, मग दोन हंडे डोक्यावर आणि कळशी कमरेवर. तेंदूची पाने मऊ पडावीत म्हणून भिजवायची, तेवढेही पाणी ती मोजून घेते. पाण्यापाशी तिला मी रिकामी बसलेली कधी पाहिलेली नाही. त्यामुळे मावशीने तिला ढकलत ढकलत त्या गाडीवर बसवले, नऊवारीच्या आठवणीने पाचवारीचाच काचा मारून वर लाल रंगाचे लाइफ जॅकेट चढवले, तेव्हा मला हसू आले आणि पोटात गोळाही आला. पुढे मी, माझ्यामागे तो चालवणारा मुलगा आणि सगळ्यात मागे आई. गाडी उसळली तशी आई ओरडली नाही. तिने देवाचे नावही घेतले नाही. लाटांच्या पलीकडे गेल्यावर पाणी शांत झाले आणि मुलाने वेग कमी केला, तेव्हा ती वाकून हात पाण्यातून ओढू लागली. म्हणाली, “एवढं पानी, अन् एक कळशी भरता यायची नाही.” आणि हसायलाच लागली. तिचे ते हसणे थांबेना. किनाऱ्यावर उतरल्यावरही ती मधूनच हसत होती.

आप्पांचे लक्ष मात्र यंत्राकडे. ते एका उभ्या गाडीभोवती दोन चकरा मारून आले आणि त्या मुलाला म्हणाले, “हिचा पंखा कुठाय?” होडीच्या इंजिनाला मागे पंखा असतो, तो दिसेना. मुलगा समजावणारा भेटला. या गाडीचा पंखा बाहेर नसतोच, तो पोटातल्या नळीत असतो. खालच्या जाळीतून पाणी आत ओढायचे, पंख्याने त्याला रेटा द्यायचा आणि मागच्या निमुळत्या तोंडातून जोराने फेकायचे. त्या फेकीच्या धक्क्याने गाडी पुढे जाते. आप्पांना एका क्षणात सगळे कळले. “म्हंजे आपली मोटारच की! आपन पाइप जाग्यावर बांधतो म्हनून पानी मळ्यात जातं. हितं पानी मागं जातंय अन् पाइपच पुढं पळतोय!” न्यूटनचा तिसरा नियम मला दहावीत पाठ करून जितका कळला नव्हता, तितका त्या वाक्याने कळला. खालच्या जाळीला त्यांनी ‘फुटव्हॉल’ म्हटले, तेही बरोबरच. शेवाळ, पाला, प्लॅस्टिक जाळीत अडकले की विहिरीवरची मोटार जशी पाणी सोडते तशीच हीही सोडते. उडी मारताना जाळी पाण्याबाहेर आली की हवा धरते.

त्याच मुलाने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार विचित्र वाटली. या गाडीचे हँडल म्हणजे फक्त मागचे तोंड डावी-उजवीकडे वळवण्याची सोय. ॲक्सिलेटर सोडला की पाण्याची फेक थांबते आणि हँडल मेलेले. मग ते कितीही वळवा, गाडी होती त्याच दिशेने सरळ जात राहते. रस्त्यावर समोर काही आडवे आले की आपण वेग सोडतो आणि वळवतो. इथे वेग सोडला की वळणच हातचे जाते. काही नव्या गाड्यांना ब्रेकची सोय आहे, पण त्याच्याकडच्या गाड्यांना ती नव्हती. चालवणाऱ्याच्या मनगटाला एक दोरी असते. तो पाण्यात पडला की दोरी निघते आणि इंजिन आपोआप बंद पडते, नाहीतर गाडी एकटीच समुद्रात निघून जायची. आणि संध्याकाळी घरी नेल्यावर प्रत्येक गाडीला नळी लावून, आतून बाहेरून, गोड्या पाण्याने आंघोळ घालावी लागते. खारे पाणी इंजिन खाते. हे ऐकून आई आणि मावशीने एकमेकींकडे असे काही पाहिले की बिचारा मुलगा बोलायचा थांबला.

परत आल्यावर मी या यंत्राची कुळकथा वाचून काढली. अमेरिकेत क्लेटन जेकबसन नावाचा मोटारसायकल शर्यतींचा शौकीन होता. जमिनीवर आपटण्यापेक्षा पाण्यात पडलेले बरे, अशा विचाराने म्हणे त्याला ही कल्पना सुचली. कॅनडातल्या बोम्बार्डिए कंपनीने, जी बर्फावरच्या गाड्या बनवीत असे, १९६८ साली पहिली बसून चालवायची गाडी काढली. ती चालली नाही आणि दोनेक वर्षांत बंद झाली. १९७३ साली कावासाकीने जेकबसनच्या कल्पनेवरून उभे राहून चालवायची गाडी आणली. एकाच माणसाची, तोल सांभाळणाऱ्या तरुणाची गाडी. पुढे १९८६ च्या सुमारास यामाहाने दोघांना बसता येईल अशी गाडी काढली. (आप्पांच्या पिढीतली पोरे ज्या आर. एक्स. १०० साठी जीव टाकीत, ती याच यामाहाची आणि त्याच काळातली.) मग तिघांची आली. पाठीमागे बसायला जागा झाली, तेव्हा कुठे बायकामुले तिच्यावर आली. परदेशात तळ्याकाठच्या घरांत ती दारात उभी असते म्हणे. रविवारी पोरांना घेऊन बापाने एक चक्कर मारून यायची, जशी आमच्याकडे स्प्लेंडरवर चौघांची मारतात.

नेमके हेच चित्र माझ्या मावसभावाच्या डोक्यात बसले. तो मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे आणि हप्त्यांवर त्याचा फार विश्वास आहे. परतीच्या वाटेवर, कसारा चढेपर्यंत, दहा-बारा मित्रांनी वर्गणी काढून एक जुनी फटफटी घ्यायची आणि भोजापूरच्या धरणात सोडायची, इथपर्यंत त्याची योजना पोचली होती. नवी गाडी दहा लाखांच्या पुढे जाते असे नागावच्या मुलाने सांगितले होते. आप्पा म्हणाले, “दहा लाखात कैक बोअर होत्यात, अन् एकाला तरी पानी लागतंच.” मावसभाऊ म्हणाला, “बोअरवर बसून चक्कर मारता येती का?” यावर गाडीत कुणाकडेच उत्तर नव्हते.

माझे मत विचाराल तर चैन म्हणून या गाडीला नावे ठेवणाऱ्यांत मी नाही. ‘ग्रामीण भागात प्यायला पाणी नाही आणि हे पाण्यावर खेळतात’ असे वाक्य निबंधात शोभते, पण समुद्रावर कुणी फिरल्याने आमचा हापसा आटत नाही. आईच्या त्या पाच मिनिटांवर तर तो युक्तिवाद मी कुणाकडूनच ऐकून घेणार नाही. गरिबाने पैसा खर्च करावा तो औषधाला, शाळेला आणि लग्नाला, हा नियम ज्यांनी केला त्यांनी तो स्वतः पाळलेला माझ्या पाहण्यात नाही.

माझी अडचण निराळी आहे. समुद्राचे पाणी कुणाचे नसते आणि ते संपत नाही. आमच्या धरणांचे तसे नाही. म्हाळुंगीवरचे भोजापूर काय किंवा देवनदीवरचे कोनांबे काय, त्यांतल्या पाण्यावर कुणाचे तरी आवर्तन, कुणाचा कांदा, कुणाच्या गावाचा नळ अवलंबून. गंगापूर धरणावर बोटिंग आहे, पण ते नाशिक शहराच्या पिण्याचेही पाणी आहे, आणि तिथे पेट्रोलचा तवंग कुणाला चालेल? जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांतून बरेचसे इंधन न जळताच पाण्यात जात असे; आताच्या फोर-स्ट्रोक पुष्कळ बऱ्या, पण आमच्या वर्गणीत जुनीच येणार! राहिले नांदूरमध्यमेश्वर. इंग्रजांच्या काळात गोदावरीवर बांधलेला तो बंधारा गाळाने उथळ झाला आणि त्या उथळपणामुळेच पक्ष्यांना आवडू लागला. २०२० साली त्याला रामसर यादीत स्थान मिळाले, महाराष्ट्रात सर्वांत आधी. माझ्या मामाचे गाव त्या फुगवट्याला लागूनच आहे. थंडीत पहाटे तिथे परदेशी बदकांचा जो गलका असतो, त्यात ही फटफट मला ऐकवणार नाही. शिवाय पाणवेलीने तिचा फुटव्हॉल पहिल्याच चकरेत बुजेल.

मामाच्या गावच्या मासेमारांकडे थर्माकोलचे तराफे आहेत. पोत्यात थर्माकोलचे तुकडे शिवायचे, वर बसायचे, हातात वल्ह्यासाठी फळीचे दोन तुकडे. माणशी एक. मालकीची आणि स्वतः चालवायची नाव म्हणाल तर आमच्या भागात ती हीच. पण तिच्यावर बायकोपोरांना घेऊन कुणी फिरत नाही, आणि हौसेने तर नाहीच.

एकट्याच्या नावेवरून दत्तू भोकनळ आठवल्याशिवाय राहत नाही. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा हा मुलगा. आमच्यासारखाच कोरडा मुलूख. वडिलांबरोबर विहिरी खोदायची कामे केली. २०१२ साली सैन्यात गेला, खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये, आणि तिथे पहिल्यांदा वल्हे हातात धरले. २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तेरावा आला, आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत त्याने सुवर्णपदक मिळवले. पाणी शोधायला जमिनीत उतरणारा माणूस पाण्यावर इतक्या वेगाने गेला, तोही इंजिनाशिवाय! मावसभावाला हे सांगितले, तर तो म्हणाला, “त्याला आर्मीनं नाव दिली. आपल्याला कोन देनार?” त्याचेही खोटे नाही.

नागावला मी हँडल धरून पुढे बसले होते खरी, पण ॲक्सिलेटरवर सगळा वेळ त्या मुलाचाच हात होता. मी विचारले, “मी दाबू का?” त्याने विचारले, “पोहता येतं का?” मी नाही म्हटले. त्याने हात काढला नाही, आणि ते त्याने योग्यच केले असे मला वाटते. २१ मे २०२४ ला उजनीच्या फुगवट्यात कुगावहून कळाशीला जाणारी होडी वादळात उलटली आणि सहा जण गेले. त्या माणसांना कसली हौस नव्हती, रोजच्या वाटेने पलीकडे जायचे होते. त्यातला एक जण पोहत काठाला लागला, तो वाचला. बातमी वाचली तेव्हा मी बारावी पास झालेली होते आणि छातीएवढ्या पाण्यात उभे राहण्याचेही मला भय होते.

संक्रांत झाल्यापासून दर रविवारी मी आणि धाकटी बहीण मामाच्या विहिरीवर पोहायला जातो. पायऱ्यांची विहीर आहे आणि फुगवटा जवळ असल्याने पाणी टिकून आहे. पाठीला तेलाचा रिकामा डबा, त्याला दोर, दोराचे टोक मामाच्या हातात. एकोणीस वर्षांची घोडी विहिरीत उड्या मारते म्हणून गावात दोन-चार जणी बोलल्या; मामीने त्यांना जे उत्तर दिले ते अंकात छापता येणार नाही. बहीण आता डब्याशिवाय दोन हात मारते. मी अजून डब्यासकट. आईला मामाचा भरवसा नाही, म्हणून तीही येते आणि काठावर सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसते. एक डोळा पानावर, एक आमच्यावर.

गेल्या रविवारी आम्ही कपडे पिळत होतो, तेव्हा तिने तो डबा हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला.

“ह्यो किती वजन पेलतो रं?”

“कुनालाबी पेलतो, अक्का,” मामा म्हणाला. “मानूस पान्यात हलका होतो.”

आईने डबा खाली ठेवला आणि पुढच्या विडीला दोरा गुंडाळू लागली. मामाने मात्र जाताना दोर रोजच्यासारखा घरी नेला नाही, विहिरीवरच्या खुंटीला अडकवून ठेवला.