तेहतीस गुंठ्यांचे गणित

आमचा नातू यंदा दहावीत गेला आणि शाळेतून एक अर्ज घरी आला. गणित 'स्टँडर्ड' हवे की 'बेसिक', हे त्यात लिहून द्यायचे होते. केंद्रीय मंडळाने ही सोय २०२० च्या परीक्षेपासून केली. अभ्यासक्रम एकच, ज्यांना पुढे गणित शिकायचे नाही त्यांच्यासाठी प्रश्नपत्रिका तेवढी सोपी. नातवाने क्षणाचाही विलंब न लावता 'बेसिक' सांगितले. कारण विचारले तर म्हणाला, "आजोबा, मला गणिताची भीती वाटते." भीतीपोटी केलेल्या निवडीला निवड म्हणावे का, हा प्रश्न तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही.

माझी हयात महसूल खात्यात गेली. एकदा एक पदवीधर तरुण वाटणीचा कागद घेऊन आला. अक्षर मोत्यासारखे. जमीन तीन एकर बारा गुंठे, भाऊ चार. थोरल्याने तिघा धाकट्यांना एकतीस-एकतीस गुंठे देऊन बाकीची जमीन स्वतःकडे ठेवली होती. या तरुणाने हिशेब तपासलाही होता, पण ३.१२ ला चाराने भागून! एकराचे गुंठे चाळीस, शंभर नव्हेत. एकूण एकशे बत्तीस गुंठे, म्हणजे प्रत्येकी तेहतीस. तिघांचे मिळून सहा गुंठे एका दशांशचिन्हाने गिळले होते. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "साहेब, गणितात मी कसाबसा पास झालो होतो."

असे तरुण आजही थोडे नाहीत. 'असर'च्या २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी अवघ्या ४३.३ टक्क्यांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले.

आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १८९० साली कलाभवन निघाले. दादासाहेब फाळके तेथे शिकले. त्याच महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९०६ मध्ये ते सर्व संस्थानात नेले. आवडीच्या विद्येला त्यांनी दार उघडून दिले, पण अक्षर आणि अंक शिकायचे की नाही हे कोणाच्या मर्जीवर ठेवले नाही. मला हाच क्रम पटतो. चित्रकला, संगीत, सुतारकाम यांना कमी लेखणाऱ्यांतला मी नाही. परंतु जे सोडल्याने काय गमावू हेच मुलाला कळत नाही, ते सोडण्याचा अधिकार त्याला देणे म्हणजे औदार्य नव्हे.

अर्थात, हे मी कोणत्या तोंडाने सांगावे? मुलाच्या वेळी मराठी सोडून अधिक गुण देणारा विषय घेण्याच्या अर्जावर सही माझीच होती. आज नातू मराठी बोलतो छान, पण हे त्रैमासिक त्याला वाचून दाखवावे लागते.

हल्ली संध्याकाळी आम्ही दोघे एकर-गुंठ्यांचे भागाकार करीत बसतो. त्यानंतर अर्धे पान मराठी वाचायचे, ही अट त्याने कुरकुरत मान्य केली आहे. परवा त्याने माझीच एक चूक काढली आणि आजीला बोलावून दाखवली. अर्ज शुक्रवारी द्यायचा आहे. रकाना अजून कोरा आहे.