उपास नको, माप हवे

आम्ही दोघी जावा. पालघर तालुक्यातल्या माकुणसारला आमचे एकत्र घर. पुरुषमाणसे बोईसरच्या एमआयडीसीत पाळीने कामाला जातात. आम्ही घर आणि विहारातले महिला मंडळ सांभाळतो. वाचक भगिनींना आमची एक फजिती सांगायची आहे. आज हसू येते, पण त्या दिवशी जीव जायची वेळ आली होती.

आमच्यातली थोरली पाच फूट उंच, वजन 74 किलो. तिला मधुमेह, रोजची गोळी चालू. लेकीचे लग्न ठरले आणि कुणीतरी डब्यातली पावडर आणून दिली. महिन्यात दहा किलो उतरतील अशी हमीही दिली. थोरलीने जेवण सोडले. सकाळी पावडर, दिवसभर लिंबूपाणी, गोळी मात्र तशीच. नवव्या दिवशी पौर्णिमा होती. विहारात त्रिसरणाला उभी राहिली, घाम फुटला, हात थरथरले आणि धाकटीच्या अंगावर कोसळली. शुद्धीवर होती म्हणून साखरपाणी पाजता आले. रिक्षात घालून पालघरला नेले. डॉक्टर म्हणाले, "पोटात अन्न नाही आणि वर साखर उतरवणारी गोळी! हेच रात्री झोपेत झाले असते तर?"

त्या रात्री आम्ही दोघी ओट्यावर बसून विचार करत राहिलो. उपासतापास आपल्या माणसांनी धम्मदीक्षेबरोबर सोडले. मग डब्यात भरून आलेला हा नवा उपास आम्ही का धरला?

आणि वजन वाढले तरी कशाने? आमच्या सासूबाईंनी भूक पाहिलेली. ताटात शीत टाकू नये, ही त्यांची शिकवण. पोरांनी टाकलेले, पातेल्यात उरलेले, सगळे आम्ही पोटात घालत आलो. अन्न वाया जाऊ नये हे खरेच. पण आपले पोट म्हणजे उरलेसुरले टाकायची जागा नव्हे. अन्न वाचवायचे तर शिजवतानाच मोजून शिजवावे, हे आम्हाला उशिरा कळले.

पुढच्या पौर्णिमेला विहारात भन्तेजींनी कोसलच्या पसेनदी राजाची गोष्ट सांगितली. संयुत्त निकायात ती आहे. राजा एका वेळी द्रोणभर तांदळाचा भात खाई. हा आपला पानाचा द्रोण नव्हे, धान्याचे मोठे माप. असाच जेवून तो धापा टाकत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला उपाशी राहायला सांगितले नाही. जो जागरूक राहून जेवणात माप ओळखतो त्याच्या वेदना कमी होतात आणि म्हातारपण सावकाश येते, एवढेच सांगितले. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ते वचन पाठ करायला लावले आणि रोज जेवणाच्या वेळी म्हणायला ठेवले. हळूहळू राजा नाळी या लहान मापावर आला आणि त्याचे अंग हलके झाले. खुद्द सिद्धार्थ गौतमानेही देह सुकवणारे तप करून पाहिले, ते सोडले आणि सुजातेने दिलेले अन्न घेतले. मध्यम मार्ग ताटालाही लागू आहे.

आमच्या घरात सुदस्सन झाली सातवीतली नात. दुसऱ्यांदा भात घ्यायला हात गेला की ती म्हणते, "आजी, माप!" राजा रोज शंभर कार्षापण देई, आम्ही आठवड्याला दहा रुपये देतो.

आम्ही केले ते असे. पूर्वी ताटात भातही असे आणि तांदळाची भाकरही. धान्य एकच, रूपे दोन. आता दोन्हीपैकी एकच. अर्ध्या ताटात भाजी: लाल माठ, शेवग्याचा पाला, दुधी, काकडी. पाव ताटात डाळ, वाल, अंडे किंवा मासळी. सुकट दोनदा धुऊन घेतो, मीठ कमी होते. चहा दिवसाला पाच कप, कपाला दोन चमचे साखर. हिशेब केला तर माणशी महिन्याला दीड किलो साखर निघाली! आता दोन कप, तेही बिनसाखरेचे. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर. संध्याकाळी अर्धा तास झपझप चालतो. आठवड्याला निदान 150 मिनिटे चालावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रातपाळीच्या माणसांना वडापावऐवजी घरचा डबा देतो. दारू-ताडीनेही वजन वाढते. पंचशील पाळणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

आठ महिन्यांत थोरली 67 किलोवर आली, धाकटीचे चार किलो उतरले. लग्नात थोरली जाडच दिसली, पण उभी होती आणि हसत होती. डॉक्टर म्हणतात, वजनाच्या शंभरातले पाच-दहा भाग उतरले तरी साखर आणि रक्तदाबाला फरक पडतो. आठवड्याला अर्धा किलो उतरले तरी पुरे. एकदम उतरवले तर मांस झडते, पित्ताचे खडे होऊ शकतात आणि गेलेले वजन परत येते.

स्वतःला तपासायला शिवणाची टेप पुरे. बाईची कंबर 80 सेंटीमीटरच्या (साडेएकतीस इंच) आणि पुरुषाची 90 च्या (साडेपस्तीस इंच) वर गेली तर सावध व्हावे. पाच फूट उंचीला 53 किलोपर्यंत वजन ठीक. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या शंभर बायकांत 24 जणींचे वजन जास्त निघाले. हा आता श्रीमंतांचा आजार राहिलेला नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण सोडू नये. पौर्णिमेला अष्टशील घेतानाही नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी वजन उतरवण्याच्या मागे लागू नये.

बाबासाहेबांनाही मधुमेहाने छळले. दुखण्यातही ते लिहीत राहिले. त्यांनी दिलेले माणूसपण वागवायचे तर देह धड हवा. आमच्या आज्यांना मिळाले नाही म्हणून त्या उपाशी राहिल्या. आमच्या घरात आज अन्न आहे. ते आम्ही मापाने, मानाने खाऊ.

जय भीम!